दुर्गेभाऊंची न वाळणारी चित्रं

चित्राला हात लावू नये, अशी पाटी सगळेच चित्रकार लावतात. आमचे शेजारी हिरामण दुर्गे लावत नाहीत, कारण त्यांना गरज पडत नाही. त्यांच्या चित्राला एकदा हात लावलेला माणूस पुन्हा लावत नाही. पहिला हात सुटायलाच इतका वेळ लागतो. माझा एक चांगला हिरवा सदरा त्यांच्या वर्धा नदीच्या चित्राला कोपराशी चिकटला. ओढून काढला तेव्हा कोपराचे धागे नदीतच राहिले. मी सदऱ्याबद्दल काही बोलणार, तेवढ्यात दुर्गेभाऊंनी मान तिरकी करून नदीकडे पाहिलं आणि म्हणाले, "राहू द्या भाऊ. काठावर गवत पायजेच होतं."

दुर्गेभाऊ माजरीच्या बाजूला कोळशाच्या खाणीत इलेक्ट्रिशियन होते. आता निवृत्त आहेत, म्हणजे पगार बंद झाला आहे; सदऱ्याच्या खिशातला टेस्टर अजून ड्युटीवर आहे. कुणाच्याही घरी गेले की आधी कूलरला टेस्टर लावतात, मग रामराम करतात. एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या खुर्चीला टेस्टर लावला होता. खुर्चीमागच्या झगमग दिव्यांचा करंट खरंच खुर्चीत उतरला असता तर ते देवमाणूस ठरले असते. उतरला नव्हता, म्हणून वरबाप आजही त्यांच्याशी बोलत नाही.

चित्रकलेकडे ते निवृत्तीच्या थोडे आधी वळले. तैलरंगातलं तैल म्हणजे जवसाचं तेल, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. सांगणाऱ्याची चूक नव्हती. पण वैदर्भीय माणसाला जवसाचं तेल म्हटलं की झुणक्यावरची धार आठवते. नागपूरच्या दुकानात तेच तेल औषधाच्या बाटलीएवढ्या बाटलीत ठेवलेलं पाहून दुर्गेभाऊंना हसू आलं. ते तिथून थेट तेलघाणीवर गेले आणि डबा भरून घेऊन आले. तेव्हापासून त्यांच्या घरी चित्र आणि भाजी एकाच डब्यातून होते. एकदा वांग्याच्या भाजीत आभाळाचा निळा रंग निघाला, ही हकिगत त्यांच्या घरातून नव्हे, त्यांच्या डॉक्टरांकडून मला कळली.

घाणीचं तेल, त्यात दुर्गेभाऊंचा सढळ हात. चित्र वाळायचं नावच घेत नाही. मी एकदा विचारलं, "भाऊ, हे वाळणार कधी?" त्यांनी माझ्याकडे शाळेतल्या ढ मुलाकडे पाहावं तसं पाहिलं. "चित्र वाळत नसते भाऊ. वाळते थे कपडे. चित्र पिकते. पिकून राह्यलं ते."

हा त्यांचा जगाकडे पाहण्याचा एकूण सिद्धांत आहे. माझ्या बदलीचा अर्ज पिकून राह्यला. नाल्यावरचा अर्धवट पूल पिकून राह्यला. समोरच्या घरचा पोट्टा तिसऱ्यांदा नापास झाला, तेव्हा त्याच्या बापाला त्यांनी हेच सांगितलं, आणि तो बाप बिचारा त्या एका वाक्यावर वर्षभर तग धरून राहिला.

आता पिकणाऱ्या वस्तूवर काही ना काही येऊन बसणारच. खाणीकडून वारा आला की कोळशाची बारीक भुकटी आमच्या वसाहतीत घरोघर येते. आमच्या घरी ती खिडकीत बसते, दुर्गेभाऊंकडे चित्रात बसते. पांढरे बगळे महिनाभरात कावळे होतात. उन्हाळ्यात तर वेगळाच प्रकार. एका एप्रिलात त्यांनी डोंगर काढला, तो जूनपर्यंत घसरून खालच्या शेतात आला. दुर्गेभाऊंनी रिकाम्या झालेल्या जागी सूर्य काढला आणि चित्राचं नाव बदललं.

चित्र कशाचंही असो, त्यात विजेचा खांब असतोच. जंगल असो, तळं असो, भाताची बांधी असो, एक खांब कुठेतरी उभा असतो आणि त्याची जोडणी अगदी नियमाप्रमाणे असते. धबधब्याच्या चित्रात त्यांनी खांबाला अर्थिंगसुद्धा दिलं आहे. वाघ मात्र एकाही चित्रात नाही. आमच्या जिल्ह्यात बसथांबा, शाळा, मुतारी, दवाखाना, सगळ्या भिंतींवर वाघ आहे. न्हाव्याच्या दुकानात वाघाचीही दाढी केलेली आहे. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "मी खाणीत होतो, वाघ जंगलात होता. आमची डूटी जुळली नाई. पाह्यलाच नाई तं काढू कसा?"

त्यांच्या पत्नी बेबीबाई. साठी उलटली तरी नाव बेबीच, आणि दुर्गेभाऊ त्यांना चारचौघांत 'बेबी' अशी हाक मारतात तेव्हा नवखा माणूस लहान मूल शोधतो. बेबीबाई मातीची भांडी करतात. तरुणपणी एका केंद्रात त्या हे काम शिकल्या, केंद्र केव्हाच बंद पडलं, हात चालू राहिले. वाडगे, पेले, झाकणाच्या बरण्या. त्यांना काचेसारखा लेप देऊन त्या भट्टीत भाजतात. चाक आणि भट्टी दोन्ही दुर्गेभाऊंनी स्वतः तयार केली. चाकाला भंगारातली मोटर बसवली होती, ती पहिल्या दिवशी इतकी जोरात फिरली की मातीचा गोळा छताला जाऊन बसला. भट्टी विजेवर चालते. ती लावली की आमच्या अख्ख्या गल्लीचे दिवे मान टाकतात आणि बायका मालिका अर्धवट टाकून ओट्यावर येतात. सुरुवातीला भांडणं झाली. मग बेबीबाईंनी गल्लीत प्रत्येक घरी एक-एक बरणी दिली. तेव्हापासून दिवे मंद झाले की सगळे म्हणतात, बाईचं काम चालू आहे, आणि गप्प बसतात.

गप्प बसणं हे बेबीबाईंचंही वैशिष्ट्य. माझी बायको म्हणते, त्यांच्या तोंडालाही दुर्गेभाऊंनी मीटर लावलं आहे. पण त्या पूर्वी अशा नव्हत्या. कधीकाळी काही हौशी लोक त्यांची भांडी नागपूरच्या एका प्रदर्शनात घेऊन गेले. नवराबायको नवे कपडे घालून पाहायला गेले. भांडी मखमलीवर ठेवली होती, वरून दिवा सोडला होता, आणि खाली कार्ड होतं: 'स्थानिक महिला कारागीर'. शेजारच्या भिंतीवरच्या चित्राखाली चित्रकाराचं तीन पायऱ्यांचं पूर्ण नाव होतं, खाली पदवी होती. बेबीबाईंनी दोन्ही कार्डं वाचली आणि म्हणाल्या, "चाला, आपली बस निघून जाईन." त्यानंतर कुणीही प्रदर्शनासाठी भांडी मागायला आलं की त्या हात जोडतात. भांडी करायचं थांबलं नाही, बोलणं तेवढं आटलं. हे मला दुर्गेभाऊंनी सांगितलं, तेही टेस्टरकडे बघत.

मी नगरपरिषदेत बाबू आहे. बहुउद्देशीय सभागृहाची किल्ली माझ्याकडे असते, आणि माझ्या आयुष्यातली एकमेव सत्ता ती. यंदा होळीच्या सुमारास दुर्गेभाऊ माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"भाऊ, हॉल पायजे."

"लग्न आहे का कुणाचं?"

"प्रदर्शन. माह्ये चित्र लावाचे आहेत. अन् एका चित्राखाली बेबीचं एक भांडं. असं जोडीजोडीनं. दोघांचं संगं लागलं पायजे."

"बेबीबाई देतात का पण?"

"तिले म्हणलं, माह्यं प्रदर्शन आहे, चित्राखाली भिंत रिकामी दिसते, कायतरी ठेवाले लागते. म्हणे, घेऊन जा मंग."

मला कीव आली. बाई नवऱ्याच्या हौसेसाठी भांडी देतात आणि हा माणूस ती टेकू म्हणून वापरतो, असं मनात आलं. मी रजिस्टर उघडलं. एक हळदीचा कार्यक्रम आणि नेत्रतपासणी शिबिर यांच्यामध्ये तीन दिवस मोकळे होते, ते दिले.

पण आमच्याकडे हॉल फुकट हवा तर सांस्कृतिक समितीच्या विद्यमाने हवा. समिती म्हणजे कोत्तावार सर. निवृत्त मुख्याध्यापक, तालुक्यातली सगळी संस्कृती त्यांच्याकडे आहे, कारण दुसरं कुणी घ्यायला तयार नाही. त्यांनी ऐकताक्षणी प्रदर्शनाला नाव दिलं, 'मृत्तिका आणि तैलरंग: एक संवाद', आणि न पाहताच पत्रिका छापून टाकल्या. पत्रिका हातात घेऊन दुर्गेभाऊ बराच वेळ वाचत होते. "संवाद कोणाचा?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, मातीचा आणि तेलाचा. "बरं," ते म्हणाले, "कोणाचा तरी होऊ द्या."

आदल्या दिवशी चित्रं आली. उभी ठेवली तर एकमेकांना चिकटतील, आडवी ठेवली तर वरचं खालच्यावर उतरेल, म्हणून दुर्गेभाऊंनी छोट्या टेम्पोत चित्रांच्या मधोमध पाट्या ठोकल्या होत्या आणि स्वतः हात पसरून त्यांच्यात उभे होते. रस्त्याने लोक त्यांना निवडणुकीचे उमेदवार समजून हात करत होते.

सभागृहात सोनेरी पडदा कायमचा आहे. हळदीच्या लोकांनी थर्माकोलचे दोन हंस मागे सोडले होते. त्या हंसांच्या मधे पहिलं चित्र टेकवलं आणि कोत्तावार सर पाहणीला आले. ते चित्रासमोर उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, लावला. दुसऱ्या चित्राकडे गेले. तिसऱ्याजवळ थोडं वाकले, आणि तिथून नाकाला काळा ठिपका घेऊन परत आले. मग खोक्यातून काढून ठेवलेली एक राखाडी-निळी बरणी त्यांनी सहज हातात घेतली. झाकण उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं.  ते चांगली दोन मिनिटं त्या झाकणाशी खेळत राहिले.

मग त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "ही भांडी मध्यभागी, उंचावर. आणि ती चित्रं… ती आपण पुढच्या वर्षी घेऊ. समितीच्या अभिरुचीचा प्रश्न आहे. तुम्ही शेजारी आहात. तुम्हीच सांगा त्यांना."

अशा कामाला शेजारी बरा असतो. दुर्गेभाऊ हॉलमध्ये भिंतीच्या प्लगना टेस्टर लावत होते. त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही. मी सरळ त्यांच्या घरी गेलो. बेबीबाई मागच्या शेडमध्ये चाकावर होत्या. मी आडून आडून, हवापाण्यावरून सुरुवात करून, एकदाचं सांगून टाकलं: तुमची भांडी राहतील, भाऊंची चित्रं काढायची म्हणतात.

बेबीबाईंनी चाक बंद केलं. हात धुतले. म्हणाल्या, "चाला."

"कुठे?"

"सरच्या घरी."

मी त्यांना स्कूटरवर घेऊन गेलो. पदराला माती तशीच होती. सरांनी बसा म्हटलं, त्या बसल्या नाहीत.

"सर, चित्र वाईट आहेत काय?"

"तसं नव्हे वहिनी, वाईट असं कसं म्हणू, जरा वेगळ्या…"

"वाईट आहेत. मले माहीत आहे. रोज माह्या डोळ्यापुढं असतेत." मी आणि सर एकमेकांकडे पाहू लागलो. "पण त्या माणसानं माह्यासाठी भट्टी बांधली. गल्लीच्या शिव्या खाल्ल्या. लागतीन तं दोघांचे लागतीन, नाई तं माह्ये भांडे वापस. अन् मी तिन्ही दिवस तिथं बसून राहीन. तुमचा भरोसा नाई."

सरांसमोर छापलेल्या पत्रिकांचा गठ्ठा होता. संवादातली एक बाजू निघून गेली तर दुसरीही जाणार, हे गणित मुख्याध्यापकाला कळायला वेळ लागला नाही. ते म्हणाले, "समितीचा अंतिम निर्णय दोन्ही बाजूंनी आहे." बेबीबाई वळल्या आणि स्कूटरजवळ येऊन उभ्या राहिल्या. घरी येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. एवढ्या वर्षांचा साठा त्या एका खेपेत संपला असावा.

उद्घाटनाला साहेब येणार होते. साहेब कोण ते सांगत नाही. आमच्याकडे साहेब एकच असतात, फक्त दर पाच वर्षांनी चेहरा बदलतो. दहाची वेळ होती, ते साडेबाराला आले. मार्चचं ऊन पत्र्यावर तापत होतं, दोन कूलर गरम हवा फिरवत होते, आणि भिंतीवरची चित्रं माणसांपेक्षा जास्त घामाघूम झाली होती. साहेबांना शाल दिली, श्रीफळ दिलं, मेणबत्ती पेटवली. मग फोटोवाला म्हणाला, साहेब, एखाद्या चित्राशेजारी. साहेब हसतमुखाने मागे सरकले आणि धबधब्याला टेकले.

फोटो झाला. साहेब निघाले, तर शालीसोबत धबधबा खिळ्यावरून निघाला आणि पाठीला लागून चालू लागला. साहेबांना वाटलं कुणी कार्यकर्ता पदर धरतो आहे, ते न वळता म्हणाले, "तुझं काम झालं समज." कोत्तावार सर आधी फोटोवाल्याचा कॅमेरा झाकायला गेले. दुर्गेभाऊ तेवढे धावले आणि दोन्ही हातांनी चित्र सांभाळत साहेबांच्या मागे चालत राहिले. "हळू साहेब, हळू. खांब वाकून राह्यला."

शाल तिथेच राहिली. आता धबधब्यावर सोनेरी जरीचा फेस आहे आणि दुर्गेभाऊंना तो बरा वाटतो.

नागपूरहून एक समीक्षक आणले होते. त्यांनी चित्रांसमोर डोळे अर्धे मिटले आणि सांगितलं की कोळशाच्या धुळीचा माध्यम म्हणून असा निर्भय वापर त्यांनी पूर्वी पाहिलेला नाही. दुर्गेभाऊ नम्रपणे म्हणाले, "साहेब, ती माजरीकडची धूळ आहे. खिडकी उघडी राहते."

"हाच!" समीक्षक सरांकडे वळले. "हाच तो निर्णय. खिडकी उघडी ठेवण्याचा."

सरांनी लगेच मान हलवली. संध्याकाळपर्यंत तेही सगळ्यांना खिडकी समजावून सांगू लागले. आधी पुढच्या वर्षावर ढकललेली चित्रं आता समितीच्या दूरदृष्टीचा पुरावा झाली होती. असं असलं तरी खरी माणसं चित्रांसमोर जेमतेम थांबत होती. एकदा नाक जवळ नेऊन "झुणक्याचा वास येते काय बे?" असं एकमेकांना विचारत आणि नजर खाली नेत. खाली बरणी असे, वाडगा असे, आणि त्याखाली दुर्गेभाऊंनी ब्रशने ठळक लिहिलेली पाटी: बेबी हिरामण दुर्गे. प्रत्येक भांड्याखाली पूर्ण नाव. लोक भांडं उचलत, बोटं फिरवत, नाव वाचत आणि विचारत, ह्या कुठी राहतात?

ह्या दारातच होत्या. खुर्ची टाकून, चित्रं कुणी काढून नेऊ नये म्हणून पहाऱ्याला बसल्या होत्या. पहिल्या दिवशी कॉलेजच्या पोरींनी विचारलं, "आजी, हा निळा रंग कशाने येते?" बेबीबाई म्हणाल्या, "लावल्यानं." दुसऱ्या दिवशी त्याच पोरी आणखी चार जणींना घेऊन आल्या. त्यांना अख्खं वाक्य मिळालं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी किल्ली घेऊन गेलो तर दाराशी पंधरा-वीस जणी जमिनीवर बसलेल्या, आणि बेबीबाई हवेतच माती धरून दाखवत होत्या. अंगठा असा आत दाबाचा, घाई कराची नाई, मातीले राग येते. एक म्हातारी मधेच म्हणाली, बाई, माह्या आजीच्या घरी अशीच बरणी होती. त्यावर बेबीबाई चक्क हसल्या. मी त्यांच्या शेजारी किती वर्षं राहतो, पण त्यांच्या गालाला खळी पडते हे मला त्या दिवशी कळलं.

दुर्गेभाऊ आत नव्हते. सभागृहाच्या मागे निंबाखाली चहाची टपरी आहे, तिथल्या बाकावर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होते. तिथून मागची खिडकी दिसते आणि खिडकीतून दार. मी शेजारी बसलो. तीन दिवसांत त्यांच्या चित्राबद्दल एकाही माणसाने मनापासून चांगला शब्द काढला नव्हता. समीक्षकाला मी माणसांत धरत नाही. मला वाटलं, समजूत घालावी.

"भाऊ, लोकांना चित्रातलं अजून कळत नाही. होईल हळूहळू."

दुर्गेभाऊंनी खर्रा घोटायचं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "मले का दिसत नाई काय भाऊ? बगळा काढतो, कावळा होते. डोंगर काढतो, वावरात येते. मले सगळं दिसते."

त्यांनी खर्रा पुन्हा घोटायला घेतला.

"तिले सरळ म्हणलं असतं, तुह्यं प्रदर्शन लावू, तं तिनं हात जोडले असते. आधी दोनदा म्हणून पाह्यलं मी. म्हणून म्हणलं, माह्यं लावतो. सर पाहतीन, चित्र भिंतीवरून काढा म्हणतीन, हे मले माहीत होतं. डोळे असणारा माणूस तसंच म्हणन. अन् माह्यं चित्र कोणी काढाले लागलं तं बेबी घरात बसत नाई, हेबी माहीत होतं. स्वतःसाठी थे उंबऱ्याबाहेर आली नसती. माह्यासाठी आली."

"पण सरांनी हे मला सांगितलं होतं. मी घरी जाऊन सांगेन, हे तुम्हाला कसं…"

"तुमच्या पोटात गोष्ट राहत नाई भाऊ," ते अगदी प्रेमाने म्हणाले. "मी म्हणूनच प्लग पाहत बसलो होतो."

मला राग यायला हवा होता. आला नाही. तीन दिवस हा माणूस स्वतःचं हसं होऊ देत, साहेबांच्या पाठीमागे चित्र धरून पळत होता, आणि आम्ही सगळे, मी, सर, तो नागपूरचा विद्वान, त्याने मांडलेल्या जागी बिनबोभाट उभे होतो. मी विचारलं, "मग चित्रं काढता तरी कशाला? वाईट आहेत हे माहीत असून?"

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. दारात बेबीबाई हात हलवून काहीतरी सांगत होत्या, ऐकू येत नव्हतं.

"नागपूरहून आल्यापासून बोलणंच बंद झालं ना तिचं. दिवसभर शेडमधी, चाकावर. मी डूटीवरून येऊन तिथं जाऊन बसो. म्हणे, रिकामे काऊन बसले, जा. रिकामा माणूस बसला की तिचा हात चुकते म्हणे. मंग जाऊ कुठी? एक दिवस ब्रश घेऊन बसलो, कागदावर खांब काढला. त्या दिवशी जा म्हणाली नाई." त्यांनी खर्ऱ्याची चिमूट तोंडात टाकली. "तवापासून काढून राह्यलो. चित्राचं काय, कसंबी निघो. बाजूले बसाले भेटते."

 मी चहा सांगितला.

चहा आला तेवढ्यात मागच्या दारातून बेबीबाई बाहेर आल्या. कपाळावर घाम होता, आवाज बसला होता. "इथी बसून खर्रा खाऊन राह्यले काय? आत पोट्ट्या पुसून राह्यल्या, भट्टी कोणं बांधली, चाक कोणं बांधलं. मी एकटीनं किती सांगू? चाला."

दुर्गेभाऊ चहा तसाच ठेवून उठले. खिशातून कंगवा काढून केस नीट केले, तोंड धुतलं, आणि त्यांच्या मागे आत गेले. मी खिडकीतून पाहत होतो. बेबीबाईंनी आपल्या खुर्चीला लागून दुसरी खुर्ची ओढली आणि पदराने पुसली. दुर्गेभाऊ तिच्यावर बसले. हातात ब्रश नव्हता, काहीच नव्हतं. दोन्ही हात गुडघ्यांवर रिकामे ठेवून ते बसून राहिले. बेबीबाई पोरींशी बोलतच होत्या. जा म्हणाल्या नाहीत.